नवी मोटर बसवताना बटण सगळ्यात शेवटी

नवी मोटर आठ दिवसांत जळाली की पहिला संशय बनवणाऱ्यावर जातो. मी अशा मोटरी उघडून पाहिल्यात, आणि बहुतेक वेळा कारण बाहेरच सापडलंय: टर्मिनलच्या पट्ट्या चुकीच्या लावलेल्या, एखादा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) ढिला, कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) हातोड्यानं ठोकून बसवलेलं, नाहीतर ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) 'सारखा ट्रिप होतो' म्हणून त्याचं सेटिंग वर सरकवून ठेवलेलं. मोटर चालू व्हायच्या आधीच तिचं आयुष्य ठरून गेलेलं असतं. त्यामुळे खालच्या मजकुरात बटण दाबण्याआधीचंच काम जास्त आहे. कंटाळा येईल, पण वाचा.

उदाहरणासाठी एकच मोटर धरून चालू. तीन फेज, स्क्विरल केज इंडक्शन मोटर, ७.५ किलोवॉट म्हणजे १० एचपी, चार पोल, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, पंपाला कपलिंगनं जोडायची. कारखान्यात नवख्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ती साधारण अशीच. तुमच्याकडे ६० हर्ट्झ असेल तर वेगाचे आकडे बदलतील, पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. ४१५ व्होल्टचं काम परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच करायचं आणि एकट्यानं कधीच करायचं नाही. शेजारी असा कुणीतरी हवा ज्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत आहे.

नेमप्लेट वाचा, फोटो काढा

मोटर एकदा पायावर बसली की नेमप्लेट बहुधा भिंतीकडे तोंड करते. म्हणून आधी फोटो काढून ठेवा. मग एकेक ओळ वाचा.

७.५ किलोवॉट हे शाफ्टवर मिळणारं काम आहे, आत जाणारी वीज त्याहून जास्त असते. करंट साधारण १४ अँपिअर लिहिलेला असेल. पुढे रिलेचं सेटिंग, केबल, फ्यूज, सगळं याच आकड्यावर ठरणार आहे, तो पाठ करा. वेग १४४० किंवा १४५० असा दिसेल. चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र १५०० नं फिरतं आणि रोटर थोडा मागे राहतो. मागे राहतो म्हणूनच त्यात करंट तयार होतो आणि ताकद येते.

'ड्युटी एस१' म्हणजे अखंड चालायला बनवलेली. 'इन्सुलेशन क्लास एफ' म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन १५५ अंश सेल्सिअसपर्यंत सहन करतं. 'आयपी ५५' म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. मात्र ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी बूच, नीट बसवला नाही तर तो आकडा फक्त प्लेटवर उरतो. 'फ्रेम १३२ एम' मधला १३२ हा पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचा मिलिमीटरमधला अंतर-आकडा आहे. पंपाच्या शाफ्टची उंची त्याच्याशी जुळते का, हे बेसफ्रेम वेल्ड करण्याआधी बघायचं. मागाहून नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, जोडणीची. '४१५ व्होल्ट डेल्टा' लिहिलंय की '२३० डेल्टा / ४०० स्टार'? डेल्टा आणि स्टार या तीन वायंडिंग एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती. याच्याकडे परत येऊ.

उचलणं, फिरवून बघणं, मेगर

या मापाची बिडाची मोटर पाऊणशे किलोच्या आसपास भरते. वरची आयबोल्ट फक्त मोटरचं वजन पेलायला दिलेली असते. मोटर आणि पंप एकाच बेसवर बोल्ट केल्यावर त्या एका आयबोल्टला साखळी अडकवून सगळं धूड उचलू नका. आयबोल्ट खांद्यापर्यंत पूर्ण आवळली आहे का तेही बघा.

खाली ठेवल्यावर शाफ्ट हातानं फिरवा. घासल्यासारखं, अडकल्यासारखं लागतं का? वाहतुकीसाठी रोटर बांधलेला असेल तर ती पट्टी किंवा बोल्ट काढा. मोटर गोदामात वर्षभर पडून असेल तर आतलं ग्रीस बसलेलं असतं, बॉल एकाच जागी टेकून राहिलेले असतात. दोन-चार वेळा सावकाश फिरवलं की बोटांना फरक कळतो.

आता मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र. कमी व्होल्टेजच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर मारतात. एक टोक वायंडिंगला, दुसरं बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागेला. एक मिनिट धरून आकडा वाचायचा, आणि सोबत त्या वेळचं तापमानही लिहायचं, कारण दर १० अंश तापमान वाढलं की इन्सुलेशनचा आकडा ढोबळमानानं निम्मा होतो. नवी कोरडी मोटर शेकडो मेगओहम दाखवते. ५ मेगओहमच्या खाली असेल तर ती मोटर आज चालू होणार नाही, वाळवायची आहे. झाकणं काढून सौम्य गरम हवा द्या आणि तासातासानं आकडा घ्या. सुरुवातीला तो आणखी खाली येईल. घाबरू नका, वायंडिंग गरम झाल्यामुळे तसं होतं. ओल निघाली की आकडा वर चढायला लागतो आणि मग स्थिरावतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. वायंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारे छोटे भाग) बसवलेले असतील तर त्यांच्या टोकांना मेगर लावायचा नाही, ते नाजूक असतात. आणि मोटरला ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) किंवा सॉफ्ट स्टार्टर (हळूहळू चालू करणारा) जोडलेला असेल तर केबल सोडवल्याशिवाय मेगर मारायचा नाही, आतली इलेक्ट्रॉनिक्स एका फटक्यात जाते. मेगर झाला की वायंडिंग अर्थला टेकवून डिस्चार्ज करा. पाचशे व्होल्टचा तो झटका जीव घेणार नाही कदाचित, पण शिडीवर असाल तर खाली पाडेल.

जाता जाता मल्टिमीटरनं तिन्ही वायंडिंगचा रेझिस्टन्स मोजा. आकडे एक-दोन ओहमचे असतील, आकड्यापेक्षा तिघांचा सारखेपणा बघायचा.

पाया आणि अलाइनमेंट

इलेक्ट्रिशियनला वाटतं हे फिटरचं काम, फिटरला वाटतं मोटर इलेक्ट्रिशियनची. मधल्या मध्ये बेअरिंग जातं. म्हणून दोघांनी मिळून करा.

पायाचा पृष्ठभाग सपाट, रंगाचे पोपडे आणि वेल्डिंगचे थेंब खरवडलेला हवा. पाणसळ ठेवून बघा. मोटर ठेवून चारही बोल्ट आवळल्यावर एकेक बोल्ट ढिला करायचा आणि त्या पायावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) लावून तो किती उचलला जातो ते पाहायचं. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला तर तो पाय लंगडा आहे, मोटरची बॉडी पिळली जातेय. खाली शिम घाला. शिम म्हणजे मापात कापलेला स्वच्छ पत्रा, हातात आलेला वॉशर किंवा डब्याचं झाकण नव्हे. एका पायाखाली चारपेक्षा जास्त शिम रचायची वेळ आली तर जाड शिम घ्या, पातळ चळत स्प्रिंगसारखी वागते.

कपलिंगचा अर्धा भाग शाफ्टवर चढवायला हातोडा वापरू नका. मारलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून थेट बेअरिंगच्या बॉलवर जातो आणि रेसवर, म्हणजे बॉल फिरतात त्या कड्यावर, बारीक खळगे पडतात. मोटर त्या दिवशी छान चालते. काही आठवड्यांनी घरघर सुरू होते तेव्हा हातोडा कुणाला आठवत नाही. शाफ्टच्या टोकाला मध्यभागी आट्यांचं भोक असतं ते याचसाठी. त्यात स्टड घाला, जाड वॉशर आणि नट लावून कपलिंग ओढून घ्या. घट्ट असेल तर कपलिंग शंभर अंशांच्या आसपास गरम करा, ते आपोआप सरकतं.

मग अलाइनमेंट. १५०० च्या वेगाला दोन शाफ्टमधला फरक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास आणायचा प्रयत्न करा, ०.१ च्या वर सोडू नका. रबर कपलिंगच्या माहितीपत्रकात याहून बरीच सूट दिलेली असते. ती कपलिंग किती सोसेल याची आहे, बेअरिंग आणि पंपाचं सील तेवढं सोसत नाहीत. पट्टीची कड लावून बघणं ही सुरुवात झाली, शेवट डायल गेज किंवा लेझरनं. पंपाचे पाइप जोडल्यावर पुन्हा मोजा. पाइप ओढून-ताणून बसवलेले असतील तर सगळं अलाइनमेंट बिघडलेलं दिसेल, आणि तेव्हा दुरुस्त करायचे ते पाइप, मोटर नव्हे.

फॅनकव्हरच्या मागे हवा शिरायला मोकळी जागा ठेवा. भिंतीला चिकटवून बसवलेली मोटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते.

वीज खरंच बंद आहे का

इथून पुढे केबलला हात लागणार. आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, बंद करा, त्याला तुमचं स्वतःचं कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा आणि नावाची पाटी अडकवा. 'मी स्विचपाशी उभा राहतो, तू कर' हे चालणार नाही. उभ्या माणसाला फोन येतो.

कुलूप लावल्यावर टेस्टर आधी एखाद्या चालू सप्लायवर लावून बघा, तो दाखवतोय ना? मग आपल्या टर्मिनलवर लावा: फेज ते फेज तिन्ही जोड्या, आणि प्रत्येक फेज ते अर्थ. शून्य आलं की तोच टेस्टर पुन्हा चालू सप्लायवर लावून बघा. शेवटची पायरी लोक गाळतात. टेस्टरची वायर नेमकी मधल्या वेळात तुटली असेल तर तो 'शून्य' खोटा होता, हे त्या शेवटच्या पायरीशिवाय कळत नाही. तीन फेजला स्क्रूड्रायव्हरवाला निऑन टेस्टर वापरू नका. पॅनलच्या कामाला कॅट थ्री दर्जाचं, किमान ६०० व्होल्टचं मीटर हवं.

दोन लपलेले धोके. काही मोटरींत ओल धरू नये म्हणून हीटर असतो आणि त्याचा सप्लाय वेगळा येतो. मेन बंद असताना टर्मिनल बॉक्समध्ये तो जिवंत असू शकतो. आणि ड्राइव्ह असेल तर त्याच्या आतल्या कपॅसिटरवर सप्लाय काढल्यावरही साडेपाचशे-सहाशे व्होल्ट डीसी काही मिनिटं राहतो. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेवढं थांबा आणि मोजूनच हात घाला.

केबल आणि संरक्षण

१४ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल नेहमीच्या परिस्थितीत पुरते. नेहमीची म्हणजे ट्रेमध्ये दहा केबलींच्या गठ्ठ्यात दबलेली नाही, भट्टीशेजारून जात नाही. तसं असेल तर एक माप वर जा. लांबीही बघा. गरम झालेल्या ४ चौरस मिलिमीटर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ५.५ ओहम धरला, तर ५० मीटरवर पूर्ण लोडला सहाएक व्होल्ट पडतात, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. ठीक आहे. हीच लांबी २०० मीटर झाली तर तेवीस व्होल्ट. चालू होताना मोटर सहा-सात पट करंट खेचते तेव्हा व्होल्टेज आणखी खाली जाणार, आणि मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. लांबच्या पंपावर मोटर 'उचलत नाही' त्यामागे कित्येकदा हेच असतं.

संरक्षण दोन वेगवेगळ्या गोष्टींपासून लागतं आणि नवशिके त्यांची गल्लत करतात. ओव्हरलोड रिले हळूहळू तापणाऱ्या मोटरला वाचवतो, शॉर्टसर्किट त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. शॉर्टसर्किटसाठी फ्यूज, एमसीसीबी (मोठा ब्रेकर) किंवा मोटरचा खास ब्रेकर लागतो. एमसीबी (छोटा ब्रेकर) लावायचा तर त्याच्या 'सी' आणि 'डी' या प्रकारांमधला फरक समजून घ्या. २० अँपिअरचा 'सी' एमसीबी १०० ते २०० अँपिअरच्या दरम्यान क्षणात उडतो. आपल्या मोटरचा स्टार्टिंग करंट ९० ते १००, आणि पहिल्या क्षणाचा उसळता करंट त्याहून जास्त. म्हणजे तो विनाकारण उडत राहणार. 'डी' ची तीच मर्यादा २०० ते ४०० आहे, मोटरला तोच बरा.

रिलेचं सेटिंग नेमप्लेटच्या करंटवर: १४. पंप प्रत्यक्षात ११ च खेचत असेल तर थोडं खाली ठेवलं तरी उत्तम, वर कधीच नाही. ट्रिप क्लास १० चा रिले ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत सोडतो, पंपाला तेवढा वेळ भरपूर झाला. एक फेज गेला तर पटकन सोडणारा रिले घ्या किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा. फेज गेल्यावर चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून पावणेदोन पट किंवा त्याहून जास्त करंट खेचत ती चालतच राहते, आणि बाहेरून काही कळत नाही.

टर्मिनल बॉक्स

झाकण उघडलं की पितळेचे सहा स्टड दोन ओळींत दिसतील. वरच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. खालच्या ओळीत मात्र डब्ल्यू२, यू२, व्ही२. खालची ओळ एक घर सरकलेली आहे, ती छपाईची चूक नाही. यू१ ते यू२ हे एक वायंडिंग, म्हणजे ते तिरकं जातं. ओळ मुद्दाम सरकवलेली असते कारण त्यामुळे तीन सरळ पट्ट्यांत दोन्ही जोडण्या होतात. पट्ट्या उभ्या लावल्या, यू१–डब्ल्यू२, व्ही१–यू२, डब्ल्यू१–व्ही२, की डेल्टा. खालची ओळ आडवी एकत्र जोडली की स्टार. सप्लाय दोन्ही वेळा वरच्या ओळीला.

आता नेमप्लेटची ती ओळ आठवा. '४१५ डेल्टा' असलेल्या मोटरच्या पट्ट्या चुकून आडव्या राहिल्या, तर प्रत्येक वायंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि ताकद एक तृतीयांश होते. फसवं असं की रिकामी मोटर सुरेख चालते, आवाजही कमी, करंटही कमी. पोरं खूश होतात. पंप जोडला की वेग पडतो, करंट १४ च्या वर जातो आणि रिले उडायला लागतो. मग कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवतं, आणि मोटर जळते. उलटी चूक, म्हणजे '२३० डेल्टा / ४०० स्टार' मोटरला ४०० वर डेल्टात जोडणं, इतका वेळ देत नाही. वायंडिंगला १.७३ पट व्होल्टेज मिळतं, लोखंड संपृक्त होतं आणि रिकामी मोटरही भयंकर करंट खेचत गुरगुरते.

स्टडवर काय कुठल्या क्रमानं बसतं तेही महत्त्वाचं. पट्टी आणि लग एकमेकांना थेट टेकायला हवेत. मध्ये लोखंडी वॉशर आला की करंट त्या वॉशरमधून जातो आणि तो तापतो. वॉशर नेहमी नटाच्या बाजूला. मी उघडलेल्या एका बॉक्समध्ये तिघांपैकी एकाच स्टडवर वॉशर मध्ये होता. बाकी दोन लग चकचकीत होते, त्या एकावरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन बिस्किटासारखं तुटत होतं.

लग तारेच्या मापाचाच घ्या. क्रिंपिंग टूलनं दाबल्यावर तार ओढून बघा, पक्कडीनं चेपलेला लग ओढल्यावर हातात येतो. ॲल्युमिनियमची केबल असेल तर दोन धातूंचा लग लागतो, नाहीतर तांब्या-ॲल्युमिनियमचा सांधा कुजतो. नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर स्टड फिरून आतली तार पिळली जाते.

केबल शक्यतो बॉक्सच्या खालच्या बाजूनं आत घ्या आणि आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी ग्लँडपाशी न येता झोळावरून गळून जातं. न वापरलेली भोकं प्लगनं बंद करा. झाकणाची गॅस्केट दुमडलेली नको.

अर्थ

मोटरला अर्थची दोन टोकं दिलेली असतात, एक बॉक्सच्या आत, एक पायाजवळ. दोन्ही जोडा, वेगवेगळ्या वाटेनं आलेल्या तारांनी. एक तुटली तर दुसरी राहते. रंग खरवडून धातू दिसल्यावरच लग बसवा. तारेचं माप फेजच्या तारेइतकंच ठेवा, १६ चौरस मिलिमीटरपर्यंत हा नियम सोपा आहे.

'जमिनीत सळई ठोकलीये, अर्थ झाला' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आकडा मांडूनच दाखवतो. समजा सळईचा मातीशी रेझिस्टन्स १० ओहम आहे, म्हणजे चांगलाच म्हणायचा. फेज बॉडीला टेकला तर २४० भागिले १०, म्हणजे जास्तीत जास्त २४ अँपिअर वाहतील. आपला २० अँपिअरचा एमसीबी २४ ला तासभरसुद्धा तसाच बसून राहू शकतो. तेवढा वेळ मोटरची बॉडी जिवंत, आणि अर्थ 'आहे'. म्हणून बॉडीपासून सप्लायच्या न्यूट्रल पॉइंटपर्यंत धातूची, जाड, अखंड वाट लागते, जिच्यातून शेकडो अँपिअर वाहून ब्रेकर क्षणात उडेल. मातीवरच अवलंबून राहावं लागत असेल तर आरसीसीबी किंवा अर्थ लीकेज रिले (अर्थकडे करंट गळाला की सप्लाय तोडणारे) लावल्याशिवाय मोटर चालू करू नका.

स्टार्टर

कंट्रोलची वाट अशी: फेजमधून निघून रिलेच्या ९५–९६ मधून, मग स्टॉप बटणातून, मग स्टार्ट बटणातून कॉन्टॅक्टरच्या (कॉइलनं ओढला जाऊन मोटरला सप्लाय देणाऱ्या स्विचच्या) कॉइलला, ए१–ए२. स्टार्टच्या शेजारून समांतर कॉन्टॅक्टरचा १३–१४ हा संपर्क जातो. बटण सोडल्यावर कॉइल धरून ठेवतो तोच. स्टॉप बटण नेहमी बंद संपर्काचं घेतात. त्याची वायर तुटली तर मोटर थांबते. उघड्या संपर्काचं घेतलं असतं तर वायर तुटल्यावर स्टॉप दाबून काहीच झालं नसतं. या जोडणीचा आणखी एक फायदा: वीज जाऊन परत आली की मोटर आपोआप चालू होत नाही. कपलिंगमध्ये हात असलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी स्टारमध्ये चालू करून मग डेल्टावर नेणारा स्टार्टर, असेल तर बॉक्समधल्या तिन्ही पट्ट्या काढून टाका. पट्ट्या तशाच ठेवून सहा तारा जोडल्या तर पहिल्या स्टार्टला किंवा डेल्टावर जाताना थेट शॉर्ट होतो. सहाही तारांना दोन्ही टोकांना नंबर लावा, कन्टिन्युइटी तपासून. स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले जाणार नाहीत असं इंटरलॉक हवं. आणि रिले मेन कॉन्टॅक्टरच्या पुढे, वायंडिंगच्या वाटेत बसवलेला असेल तर त्याचं सेटिंग १४ नव्हे, १४ गुणिले ०.५८ म्हणजे ८.१ अँपिअर. इथे १४ ठेवणं म्हणजे रिले नसल्यासारखंच.

ड्राइव्हवर चालवायची असेल तर ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये चालू लोडवर उघडणारा कॉन्टॅक्टर टाकू नका. शील्डची केबल घ्या, आणि मोटर फार कमी वेगानं सतत चालणार असेल तर तिचा स्वतःचा पंखा तिला गार करू शकत नाही हे लक्षात ठेवा.

पहिला झटका

कपलिंगचे दोन भाग वेगळे ठेवूनच दिशा बघायची. काही पंपांचे इम्पेलर आट्यांवर बसवलेले असतात, उलटे फिरले की सुटतात.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. कपलिंग यायचं होतं, दिशा तेवढी बघून ठेवू म्हणून मी बटण दाबलं आणि लगेच सोडलं. शाफ्टच्या खाचेत चावी, म्हणजे कपलिंग शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायचा पोलादी तुकडा, तशीच होती. 'टण्' असा एकच आवाज आला. आम्ही सगळे मोटरकडे बघत राहिलो, मोटर शांतपणे थांबत होती. चावी सापडली समोरच्या पत्र्याच्या कपाटाखाली, आणि कपाटाच्या दारावर कमरेच्या उंचीला बोटाएवढी खोच. आपल्या मापाच्या मोटरची चावी १० मिलिमीटर रुंद पोलादाची असते. उघडा शाफ्ट फिरवायचा असेल तर चावी काढून खिशात ठेवा.

कुलूप काढण्याआधी हत्यारं मोजा, माणसं मागे घ्या, टर्मिनल बॉक्सचं झाकण लावा, पॅनलचं दार बंद करा. ब्रेकर चढवताना दाराच्या समोर नाही, बाजूला उभे राहा. मग स्टार्ट, आणि लगेच स्टॉप. मोटर रेंगाळत थांबताना दिशा नीट दिसते. एल१, एल२, एल३ क्रमानं यू१, व्ही१, डब्ल्यू१ ला दिले असतील तर शाफ्टच्या बाजूनं बघताना मोटर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. उलटी हवी तर कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करा, अर्थात पुन्हा कुलूप लावून. स्टार-डेल्टात ही अदलाबदल स्टार्टरच्या आत येणाऱ्या बाजूला करा, मोटरच्या सहा तारांत हात घातलात तर गोंधळ होईल.

मोटर फिरत नाही आणि नुसती गुरगुरते? ताबडतोब स्टॉप. बहुधा एक फेज नाहीये. 'जरा हातानं ढकलून बघू' असं कुणी म्हणालं तर त्याला बाहेर पाठवा.

रिकामी चालवा, मग लोडवर

अर्धा-एक तास रिकामी चालू द्या आणि तिन्ही फेजवर टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावा. १४ अँपिअरची मोटर रिकामी असताना पाच-सहा अँपिअर घेईल. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. नसतील तर आधी मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा. समजा ४१५, ४०९ आणि ४१८ आले. सरासरी ४१४, सगळ्यात मोठा फरक ५, म्हणजे १.२ टक्के. क्षुल्लक वाटेल, पण व्होल्टेजमधल्या एका टक्क्याच्या फरकानं करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडतो.

दोष सप्लायचा की मोटरचा, हे ओळखायची एक छान युक्ती आहे. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा: यू१ ची व्ही१ ला, व्ही१ ची डब्ल्यू१ ला, डब्ल्यू१ ची यू१ ला. तिन्ही सरकल्यामुळे दिशा बदलत नाही. पुन्हा करंट मोजा. जास्तीचा करंट त्याच तारेबरोबर सरकला तर दोष सप्लायच्या बाजूचा, एखादा ढिला सांधा किंवा जळका संपर्क शोधा. तो त्याच टर्मिनलवर राहिला तर मोटरमध्ये बघा.

हे जमलं की मोटर बंद करा, कुलूप लावा, चावी जागेवर घालून कपलिंग जोडा, त्यावर जाळी बसवा. जाळीशिवाय लोडवर चालवायची नाही, 'पाच मिनिटांसाठी' सुद्धा नाही. पंपात पाणी भरलंय का, व्हॉल्व्ह बरोबर आहेत का ते बघून स्टार्ट करा. करंट १४ च्या आत स्थिरावला पाहिजे. कंपन मोजायचं यंत्र असेल तर या मापाच्या मोटरला १.८ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आत आकडा ठेवा. बॉडीवर हात ठेवून ठेवता येत नाही म्हणून घाबरू नका. ६० अंशांनाच हात मागे येतो आणि लोडवरची मोटर ७० पर्यंत जाणं नेहमीचं आहे. तापमानमापक घ्या, तासभर दर दहा मिनिटांनी लिहा. आकडा चढत चढत एका जागी थांबला की ठीक. चढतच राहिला तर थांबवा. सारखं बंद-चालू करून चाचणी घेऊ नका, प्रत्येक स्टार्टची उष्णता वायंडिंगमध्ये साठत जाते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावून टर्मिनलचे नट, पायाचे बोल्ट आणि अलाइनमेंट एकदा बघा. पहिल्या गरम-गार होण्यात थोडं काहीतरी सैल होतंच. मेगरचा आकडा, रिकाम्याचा करंट, लोडचा करंट, व्होल्टेज, रिलेचं सेटिंग आणि तारीख एका कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि पॅनलच्या दाराला आतून चिकटवा.